विश्लेषण : उत्तरेतील गोठलेल्या दलदली वितळू लागल्या… स्वान्ते अऱ्हेनियस यांना काय दिसले होते आणि काय नाही?

हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचे पहिले तपशीलवार गणित १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी मांडले. उष्णता वाढली की रासायनिक क्रियांचा वेग किती वाढतो, हे सांगणारे सूत्रही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आज सायबेरिया, कॅनडा, अलास्का आणि उत्तर स्वीडनमधील गोठलेल्या दलदली वितळत आहेत आणि तेथे ही दोन्ही गणिते एकाच वेळी लागू पडत आहेत. अऱ्हेनियस यांना मात्र उत्तरेत येणारी ऊब वरदान वाटत होती. असे का झाले, याचा हा आढावा.

अऱ्हेनियस कोण होते?

शाळेत आम्ल आणि आम्लारी यांच्या व्याख्या शिकताना अऱ्हेनियस हे नाव बहुतेकांनी वाचलेले असते. पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजनचे आयन देणारे ते आम्ल आणि हायड्रॉक्साइडचे आयन देणारा तो आम्लारी, ही त्यांचीच मांडणी. त्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्साला शहराजवळ विक येथे झाला. वडील जमिनीची मोजणी करणारे आणि उप्साला विद्यापीठाच्या मालमत्तेवर देखरेख ठेवणारे. घरात जमाखर्चाच्या वह्या असायच्या. तिसऱ्या वर्षीच स्वान्ते स्वतःहून वाचायला शिकले आणि वडिलांच्या वह्यांतील आकडे पाहून बेरीज-वजाबाकी करू लागले, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. आकड्यांचे हे वेड पुढे आयुष्यभर टिकले. उप्सालाच्या कॅथेड्रल शाळेतून ते १८७६ मध्ये उत्तीर्ण झाले, तेव्हा ते वर्गात वयाने सर्वांत लहान आणि अभ्यासात पुढे होते.

प्रबंधाला खालचा दर्जा का मिळाला?

उप्साला विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या शिक्षणाने समाधान न झाल्याने अऱ्हेनियस १८८१ मध्ये स्टॉकहोमला एरिक एडलुंड यांच्याकडे गेले. मीठ पाण्यात विरघळले की त्या पाण्यातून वीज का वाहते, हा त्यांचा प्रश्न होता. विरघळताना पदार्थाचे विद्युतभारित कणांत विभाजन होते, या उत्तराकडे जाणारा प्रबंध त्यांनी १८८४ मध्ये सादर केला. परीक्षकांना तो पटला नाही. प्रबंधाला चौथा आणि तोंडी परीक्षेत त्याची बाजू मांडण्याला तिसरा दर्जा मिळाला. एवढ्यावर विद्यापीठात अध्यापक होणे कठीण होते.

अऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती युरोपातील नामवंतांना पाठवल्या. रीगा येथील विल्हेल्म ओस्टवाल्ड तो वाचून थेट उप्सालाला आले आणि त्यांनी नोकरी देऊ केली. पण वडील आजारी असल्याने अऱ्हेनियस यांनी ती स्वीकारली नाही. वडील १८८५ मध्ये गेले. त्यानंतर स्वीडनच्या विज्ञान अकादमीची प्रवासवृत्ती मिळाली आणि १८८६ ते १८९० या काळात ओस्टवाल्ड, कोलराउश, बोल्ट्झमन आणि व्हान्ट हॉफ यांच्या प्रयोगशाळांत त्यांनी काम केले. खालचा दर्जा मिळालेल्या याच संशोधनासाठी १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक ठरले.

साखरेच्या पाण्यातून निघालेले सूत्र काय सांगते?

याच भटकंतीच्या काळात, १८८९ मध्ये, त्यांनी आणखी एक प्रश्न हाती घेतला. उसाची साखर आम्लयुक्त पाण्यात हळूहळू फुटते आणि तिच्यापासून दोन साध्या शर्करा तयार होतात. तापमान थोडेसे वाढवले तरी हा वेग फार वाढतो. सगळ्याच रेणूंचा वेग तेवढ्या प्रमाणात वाढत नाही, मग क्रिया एवढी वेगवान का होते? अऱ्हेनियस यांचे उत्तर असे, की क्रिया घडण्यासाठी रेणूंना ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. थंडीत तो ओलांडू शकणारे रेणू मोजके असतात. तापमान किंचित वाढले तरी अशा रेणूंची संख्या झपाट्याने वाढते.

स्वयंपाकघरात हे रोज दिसते. इडलीचे पीठ उन्हाळ्यात काही तासांत फुगते, तेच थंडीत रात्रभर ठेवूनही बसलेले राहते. विरजण लागणे, दूध नासणे, भाजी कुजणे या सगळ्यांना कमी-अधिक प्रमाणात हाच नियम लागू होतो. १० अंशांनी तापमान वाढले की अनेक जैविक क्रियांचा वेग दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो, हा ढोबळ हिशेब त्यातूनच येतो. साखरेच्या द्रावणातून निघालेला हा नियम पुढे माती आणि दलदलीतील कुजण्याचे गणित करणाऱ्यांच्या कामी आला.

हवामानाकडे ते कसे वळले?

अऱ्हेनियस १८९१ पासून स्टॉकहोमच्या उच्च शिक्षण संस्थेत शिकवू लागले आणि विरोधाला तोंड देत १८९५ मध्ये प्राध्यापक झाले. शहरात भौतिकशास्त्राचे अभ्यासक नियमित जमत. एकेकाळी अर्धा युरोप बर्फाखाली गाडणारी हिमयुगे का आली आणि का संपली, हा तेथील आवडता वाद होता. त्यांचे सहकारी, भूशास्त्रज्ञ आर्विड होगबॉम हे कार्बन हवेत कुठून येतो आणि कुठे जातो, याचा ताळेबंद मांडत होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याने पृथ्वी थंड झाली असेल का, हे तपासायचे अऱ्हेनियस यांनी ठरवले.

डिसेंबर १८९४ मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी गणिताला सुरुवात केली. संगणक तर नव्हताच, कार्बन डायऑक्साइड किती उष्णता शोषतो याची थेट मोजमापेही पुरेशी नव्हती. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ सॅम्युअल लँगली यांनी चंद्राकडून येणारी उष्णता मोजली होती. चंद्र क्षितिजाजवळ असताना त्याची किरणे जास्त हवेतून येतात, डोक्यावर असताना कमी हवेतून. या फरकावरून वायूंनी अडवलेली उष्णता अऱ्हेनियस यांनी काढली. मग पृथ्वीचे अक्षांशांनुसार पट्टे पाडून, प्रत्येक पट्ट्यासाठी आणि प्रत्येक ऋतूसाठी त्यांनी हाताने हिशेब केला. त्यात जवळपास वर्ष गेले. याच काळात त्यांचे वैवाहिक आयुष्य कोसळले. त्यांची विद्यार्थिनी असलेल्या सोफिया रुडबेक यांच्याशी १८९४ मध्ये झालेला विवाह दोनच वर्षांत संपला. त्यांचा मुलगा ओलोफ १८९५ मध्ये जन्मला होता.

आकडेमोडीचे उत्तर काय निघाले?

एप्रिल १८९६ मध्ये इंग्लंडच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये हा निबंध आला. हवेतील कार्बन डायऑक्साइड निम्मा झाला तर तापमान ४ ते ५ अंशांनी उतरेल आणि दुप्पट झाला तर ५ ते ६ अंशांनी चढेल, असे उत्तर निघाले. आजच्या विज्ञानानुसार दुपटीला सुमारे ३ अंश हा सर्वांत संभाव्य अंदाज आहे. म्हणजे अऱ्हेनियस यांचा आकडा चढा होता, पण दिशा बरोबर होती.

दलदलींच्या दृष्टीने त्यांचा आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. वाढ सगळीकडे सारखी होणार नाही, उत्तरेकडे ती अधिक असेल, असे त्यांच्या तक्त्यात दिसते. हिम आणि बर्फ वितळले की उघडी पडलेली काळपट जमीन आणि समुद्र जास्त ऊन शोषतात, ही बाब त्यांनी हिशेबात धरली होती. कार्बन डायऑक्साइड अडीच ते तीन पट झाला तर आर्क्टिक ८ ते ९ अंशांनी तापेल, असे त्यांनी लिहिले. प्रत्यक्षात १९७९ नंतर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे.

निबंध छापून आला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अऱ्हेनियस स्वतः आर्क्टिकमध्ये होते. बलूनमधून उत्तर ध्रुव गाठण्यासाठी निघालेल्या सालोमोन आंद्रे यांच्या मोहिमेसोबत सागरी निरीक्षणांसाठी ते स्पिट्सबर्गेनला गेले. अनुकूल वारा न आल्याने बलून उडालेच नाही. पुढच्या वर्षी ते उडाले, पण आंद्रे आणि त्यांचे दोन साथीदार परतले नाहीत. याच द्वीपसमूहात २००८ पासून भारताचे हिमाद्री संशोधन केंद्र आहे आणि त्याचा कारभार गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते.

ऊब येणार याचा त्यांना आनंद का होता?

होगबॉम यांच्या हिशेबानुसार तेव्हा जग वर्षाला सुमारे ५० कोटी टन कोळसा जाळत होते. या गतीने हवेतील कार्बन डायऑक्साइड दीडपट व्हायला काही हजार वर्षे लागतील, असे अऱ्हेनियस यांना वाटले. पुढे कोळशाचा वापर वाढताना पाहून त्यांनी हा काळ काही शतकांवर आणला. सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या आणि १९०८ मध्ये इंग्रजीत आलेल्या पुस्तकात त्यांनी याचे स्वागत केले. थंड प्रदेशांत हवामान सौम्य होईल, पिके वाढतील, वाढत्या लोकसंख्येला अन्न मिळेल आणि नवे हिमयुग टळेल, असा त्यांचा आशावाद होता.

तो समजून घ्यायला हवा. स्वीडनमध्ये १८६७ ते १८६९ दरम्यान थंडी, दुष्काळ आणि नापिकीने भीषण उपासमार झाली होती आणि हजारो कुटुंबे अमेरिकेला निघून गेली होती. त्या वेळी अऱ्हेनियस आठ-दहा वर्षांचे होते. त्यांच्या पिढीच्या लेखी थंडी ही शत्रू होती.

समकालीनांना मात्र हे गणितच मान्य नव्हते. त्यांच्याच देशातील क्नुट आंगस्ट्रॉम यांनी १९०० मध्ये प्रयोगाच्या आधारे दावा केला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषता येईल तेवढी उष्णता आधीच शोषतो. तो वाढल्याने फारसा फरक पडणार नाही. वातावरणाच्या वरच्या, विरळ आणि थंड थरांचा विचार त्यात सुटला होता. तरीही पुढची काही दशके हाच आक्षेप चालला. हा विषय पुन्हा ऐरणीवर आला तो १९३८ मध्ये, ब्रिटिश अभियंते गाय कॅलेंडर यांच्यामुळे. तोवर अऱ्हेनियस यांचे निधन होऊन ११ वर्षे झाली होती.

गोठलेल्या दलदली म्हणजे नेमके काय?

सलग किमान दोन वर्षे शून्य अंशाच्या खाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. अशी जमीन असते हे अऱ्हेनियस यांच्या आधीच माहीत होते. सायबेरियातील याकुत्स्क येथे पाण्यासाठी ११६ मीटर खोल विहीर खणूनही गोठलेली जमीन संपली नव्हती आणि १८४० च्या दशकात अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ यांनी त्या विहिरीत खोलवर तापमान मोजले होते.

या गोठलेल्या जमिनीचा एक भाग पीटचा आहे. थंड, पाणथळ जागेत स्फॅग्नमसारखे शेवाळ आणि गवत वाढते, मरते आणि पाण्यात बुडते. तेथे प्राणवायू नसतो आणि थंडीही असते, त्यामुळे ते धड कुजत नाही. दर वर्षी जेमतेम मिलिमीटरभर थर साचतो. हजारो वर्षांत त्याची जाडी काही मीटर होते. हवेतून घेतलेला कार्बन असा जमिनीत अडकून राहतो. उत्तर गोलार्धातील पीटभूमी सुमारे ३७ लाख चौरस किलोमीटरवर पसरली आहे. तिच्यात सुमारे ४१५ अब्ज टन कार्बन आहे आणि यातली जवळपास निम्मी जमीन गोठलेली आहे. पीटसह संपूर्ण पर्माफ्रॉस्ट प्रदेशाचा विचार केला, तर हवेत आज जेवढा कार्बन आहे त्याच्या जवळपास दुप्पट कार्बन तेथे आहे.

वितळल्यावर काय होते?

उत्तर स्वीडनमधील आबिस्को येथे १९१३ पासून तापमानाच्या नोंदी आहेत. जवळच्या स्टोर्डालेन दलदलीत पीटचे गोठलेले उंचवटे आहेत. त्यांना पाल्सा म्हणतात. आतला बर्फ वितळला की पाल्सा खचतो. एकेकाळी कोरडा असलेला उंचवटा पाण्याखाली जातो आणि त्यावर शेवाळ-लव्हाळ्याची वेगळी वनस्पती येते.

येथे अऱ्हेनियस यांचे १८८९ चे सूत्र लागू होते, पण एका जोडकामासह. गोठलेल्या पीटमध्ये जीवाणूंना वापरता येईल असे द्रवरूप पाणी फारच कमी असते. तापमान शून्याच्या खालून वर गेले की ते अचानक उपलब्ध होते. म्हणजे पुढचा वेग सूत्राप्रमाणे वाढतोच, पण सुरुवातीलाच एक मोठी उडी बसते.

पुढे काय होणार, हे पाण्यावर अवलंबून असते. जमीन कोरडी पडली तर आत प्राणवायू शिरतो आणि कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जमीन खचून पाणी साचले तर प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो. स्टोर्डालेनमध्ये १९७० ते २००० या काळात जमीन आणि वनस्पती बदलल्याने मिथेनचे उत्सर्जन २२ ते ६६ टक्क्यांनी वाढल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. उघड्या पडलेल्या पीटमधून काही ठिकाणी नायट्रस ऑक्साइड हा आणखी तीव्र वायूही निघतो. कोरड्या पीटला आग लागली तर ती हिवाळाभर बर्फाखाली धुमसत राहू शकते.

याची दुसरी बाजूही आहे. वितळलेल्या जागी नवे शेवाळ जोमाने वाढते आणि थोडा कार्बन पुन्हा खेचून घेते. त्यामुळे एकाच क्षणी सगळा साठा हवेत उसळेल, असे चित्र बरोबर नाही. ही गळती दशकानुदशके चालणारी आहे. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार, जागतिक तापमानातील प्रत्येक १ अंश वाढीमागे २१०० पर्यंत पर्माफ्रॉस्टमधून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने अंदाजे १८ अब्ज टन कार्बन बाहेर पडेल. मात्र हा आकडा ३ ते ४१ अशा मोठ्या पट्ट्यात कुठेही असू शकतो.

मग अऱ्हेनियस यांच्या नजरेतून काय निसटले?

होगबॉम यांच्या ताळेबंदात ज्वालामुखी होते, कोळसा होता, समुद्र होता आणि सेंद्रिय पदार्थांचे कुजणेही होते. पण तापलेली उत्तर स्वतःच कार्बन सोडू लागेल आणि त्यामुळे आणखी तापेल, ही साखळी १८९६ च्या निबंधात नव्हती. त्यात जमीन उष्णता घेणारी होती, तिची भर घालणारी नव्हती. हवा का तापते आणि उष्णतेने क्रिया का वेगावतात, ही दोन्ही उत्तरे सात वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने दिली, तरी ती एकमेकांना जोडली गेली नाहीत. त्यांना दोष देणेही फारसे योग्य नाही. उत्तरेच्या मातीत किती कार्बन आहे, याची मोजदाद अलीकडच्या काही दशकांतच झाली.

अखेरची वर्षे कशी गेली?

बर्लिनहून आलेले निमंत्रण नाकारून अऱ्हेनियस १९०५ मध्ये स्टॉकहोमच्या नोबेल भौतिकीय रसायन संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मारिया योहान्सन यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. रोगप्रतिकारशक्तीपासून खगोलशास्त्रापर्यंत अनेक विषयांवर त्यांनी लिहिले. नोबेल निवडीच्या वर्तुळात त्यांचा मोठा दबदबा होता आणि तो त्यांनी प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध वापरल्याची टीका इतिहासकार करतात. स्वीडनमधील वंशशुद्धीच्या चळवळीशी असलेला त्यांचा संबंध हीदेखील त्यांच्या आयुष्याची काळी बाजू आहे. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचे निधन झाले. दफन उप्सालाला झाले.

गणिताच्या त्या धकाधकीच्या वर्षी जन्मलेला ओलोफ पुढे मृदा-रसायनतज्ज्ञ झाला. नातू गुस्ताफ अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेत सागरविज्ञानाचे संशोधक झाले. त्याच संस्थेतील चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाईमधील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइडची सलग मोजणी सुरू केली.

आज स्थिती काय आहे?

अऱ्हेनियस निबंध लिहीत होते तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २९५ भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. हजारो वर्षांनी येईल असे त्यांना वाटलेली दीडपटीची पातळी सव्वाशे वर्षांतच हाकेच्या अंतरावर आली आहे. कोळशाचा वापर तेव्हाच्या ५० कोटी टनांवरून वर्षाला ८ अब्ज टनांपलीकडे गेला आहे. वितळू लागलेल्या दलदलीला पुन्हा गोठवण्याचा सोपा उपाय नाही. हजारो वर्षांत साचलेला पीटचा थर माणसाच्या आयुष्यात भरून येत नाही. पण कुजण्याचा वेग तापमानावर ठरतो, हे अऱ्हेनियस यांचेच सूत्र सांगते. त्यामुळे टळलेल्या प्रत्येक अर्ध्या अंशामागे या साठ्याचा काही भाग जमिनीतच राहील. त्याचा निर्णय आर्क्टिकपासून दूर, कोळसा, तेल आणि वायू जिथे जाळले जातात तिथे होणार आहे.